शर्मिष्ठेची बाजू

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी हिशेब लिहितो. तेथे रोज दिसणारी एक गोष्ट आधी सांगतो. मोल्डर पॅटर्नभोवती वाळू ठासून साचा करतो, त्यात लोखंडाचा रस ओततात, माल निवला की साचा फोडतात. वाळू मात्र फेकून देत नाहीत. चाळून, मळून तीच पुन्हा घेतात. वाळू जुनीच, पॅटर्न दुसरा. जुन्या कथांतून नव्या कथा होतात त्या अशाच, असे मला वाटते.

आमची आत्ती फारशी शिकलेली नव्हती, पण कीर्तन चुकवीत नसे. ययातीचे आख्यान रंगात यायचे. शुक्राचार्यांच्या शापाने राजा म्हातारा झाला, मुलांकडे तारुण्य मागू लागला, यदूने नाही म्हटले, शर्मिष्ठेच्या धाकट्या पुरूने मात्र बापाचे म्हातारपण अंगावर घेतले. बुवा पुरूच्या पितृभक्तीचा जयजयकार करून पुढे निघून जात. आत्ती मात्र घरी येताना वाटेत म्हणायची, "ते झालं रं. पण लेकराचं पांढरं डोस्कं बघून शर्मिष्ठेला काय वाटलं आसंल?"

गोष्ट ऐकून समाधान झाले नाही म्हणजे माणूस असा प्रश्न विचारतो. कोणी तेवढ्यावर गप्प बसतो, कोणी लेखणी उचलतो. अमेरिकेत १९६६ साली 'स्टार ट्रेक' नावाची मालिका टेलिव्हिजनवर सुरू झाली. तिच्यातल्या माणसांवर जीव जडलेल्या प्रेक्षकांनी, आणि त्यांत बायका पुष्कळ होत्या, त्यांच्या प्रेमाच्या, विरहाच्या नव्या कथा आपणच लिहिल्या. पाने सायक्लोस्टाइल करायची, टाचायची आणि टपालाने एकमेकींना धाडायची! १९६७ सालचे 'स्पॉकनेलिया' हे या मालिकेला वाहिलेले पहिले असे अंक-पुस्तक. आपल्याकडे ही हौस किती जुनी आहे ते निराळे सांगावयास नको. सुभद्रा-अर्जुनाच्या प्रीतीवर अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली 'सौभद्र' रंगभूमीवर आणले, ते दुसरे काय होते?

आज मात्र मला आपल्या कोल्हापुरातच राहिलेल्या लेखकाची शिफारस करावयाची आहे. वि. स. खांडेकर हे मूळचे सांगलीचे. शिरोड्याच्या शाळेत त्यांनी १९२० पासून अठरा वर्षे मास्तरकी केली आणि १९३८ साली ते कोल्हापुरास आले. त्यांची 'ययाति' १९५९ साली निघाली. १९६० साली तिला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, आणि १९७४ चे ज्ञानपीठ खांडेकरांच्या रूपाने प्रथमच मराठीकडे आले. पण बक्षिसांकडे पाहून पुस्तक वाचू नये, पुस्तकात माणसे आहेत का ते पाहावे.

ही कथा ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा अशी तिघे आळीपाळीने सांगतात. प्रत्येक जण आपापल्या तोंडाने बोलतो. ययाति बोलू लागला की त्याची कीव येते, देवयानी बोलू लागली की तिचा राग बराचसा पटतो, आणि शर्मिष्ठेचे पान आले की आपण हळूच तिच्याकडे सरकतो. वृषपर्व्याची ही राजकन्या. शुक्राचार्य रुसून निघून जाऊ नयेत, कुळाचा घात होऊ नये, म्हणून ती देवयानीची दासी झाली. तिचे प्रेम चोरून, भुयारातून चालल्यासारखे. तान्ह्या पुरूला घेऊन तिला रातोरात नगर सोडावे लागते, तो भाग आमच्या कारखान्यात एकाने दुपारच्या सुटीत वाचून दाखविला, तेव्हा डबे उघडे ठेवून पोरे ऐकत बसली होती.

खांडेकरांनी पॅटर्न कुठे बदलला तेही पाहा. महाभारतात ययातीला पाच मुलगे. येथे दोनच, देवयानीचा यदू आणि शर्मिष्ठेचा पुरू. तिकडे कच संजीवनी घेऊन देवलोकी गेला की संपला. येथे तो पुन्हा येतो, आणि शर्मिष्ठेच्या मनात त्याला जागा आहे. अलका नावाची मुलगी तर खांडेकरांचीच. ती थोडाच वेळ येते, पण विसरत नाही.

दोष सांगितला पाहिजे. खांडेकरांना सुभाषितांचा मोह आवरत नाही. साध्या प्रसंगावरही उपमांचे तोरण बांधतात, आणि कचाची पत्रे कधी कधी प्रवचने होतात. तेथे खुशाल दोन पाने उलटावी.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवितो. वरच्या वर्गात शर्मिष्ठेचे एखादे प्रकरण मोठ्याने वाचा, मग तोच प्रसंग देवयानीच्या बाजूने मुलांना लिहावयास सांगा. पाने टाचून हस्तलिखित करा. 'ययाति' शाळेच्या कपाटात नसेल तर गावच्या वाचनालयात विचारा.

आत्तीला मी हे पुस्तक तीन आठवडे रोज रात्री वाचून दाखविले. शेवटी सगळी मंडळी एकत्र येतात, कशी ते सांगत नाही. पुस्तक मिटले तेव्हा ती म्हणाली, "चांगलं लिवलंय. पण शर्मिष्ठेनं त्याला लई लवकर माफ केलं. मी आसते तर आदी पोराफुडं मान खाली घालाय लावली आसती, मग बघितलं आसतं."