तांब्याच्या तारेकडून प्रकाशतंतूकडे



खेड्यात रस्ता आला, वीज आली, नळाचे पाणी आले, त्या प्रत्येक वेळी घरातील माणसांना काही नव्या सवयी अंगी बाणवाव्या लागल्या. वेगवान इंटरनेटची गोष्ट याहून निराळी नाही. गोव्यात शहरांप्रमाणे ग्रामीण भागातही तांब्याच्या तारेची जागा आता काचेचा तंतू घेऊ लागला आहे. ही नवी जोडणी हिताची आहे, यात शंका नाही. परंतु जोडणी घेताना बहुधा वेगाची आणि मासिक आकाराचीच चौकशी होते. वीज गेल्यावर ती चालेल काय, आणि तारेतून आलेला वेग घरातील शेवटच्या खोलीपर्यंत पोहोचेल काय, हे दोन प्रश्न मात्र विचारावयाचे राहून जातात. प्रस्तुत विवेचनाचा रोख मुख्यतः या दोन प्रश्नांकडे आहे.

भारतात सर्वसामान्य नागरिकांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. २००४ सालच्या ब्रॉडबँड धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट हा वेग किमान मानला गेला होता. २०२३ साली ही मर्यादा २ मेगाबिटपर्यंत वाढविण्यात आली. दरम्यान २०११ साली केंद्र शासनाने देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडण्याची योजना मंजूर केली. तीच पुढे 'भारतनेट' या नावाने ओळखली जाऊ लागली. या सेवेची निकड किती आहे, हे २०२० साली कोविडच्या साथीत सर्वांच्या प्रत्ययास आले. शाळा बंद होत्या, पाठ मोबाइलवर सुरू होते, आणि सत्तरी, सांगे यांसारख्या तालुक्यांत मुलांना मोबाइलच्या लहरी मिळाव्यात म्हणून टेकडी चढून जावे लागत होते.

जुन्या पद्धतीत टेलिफोनच्या तांब्याच्या जोडतारेवरूनच इंटरनेट येत असे. या तारेचा दोष असा की, अंतर वाढत जाते तसा संदेश क्षीण होत जातो. एक्स्चेंजच्या शेजारील घराला मिळणारा वेग तीन-चार किलोमीटरवरील वाड्याला मिळत नाही. त्यात पावसाळ्यात जोडांमध्ये ओल शिरली म्हणजे खरखर सुरू होते व सेवा वारंवार खंडित होते. फायबरमध्ये विजेऐवजी प्रकाश धावतो. केसासारख्या बारीक काचतंतूच्या आतल्या आत परावर्तित होत तो अनेक किलोमीटर जातो. या शास्त्राच्या उभारणीत पंजाबातील मोगा येथे जन्मलेले शास्त्रज्ञ नरिंदरसिंग कपानी यांचा मोठा वाटा आहे. शुद्ध काचेतून दूरवर संदेश पाठविता येतील, हे १९६६ साली दाखवून देणारे चार्ल्स काओ यांना २००९ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

दोहोंतील तफावत एका उदाहरणाने स्पष्ट होईल. वेग मेगाबिटमध्ये सांगितला जातो, तर फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये मोजला जातो, आणि एक बाइट म्हणजे आठ बिट. म्हणून १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला १०० नव्हे, तर साडेबारा मेगाबाइट उतरतात. ७५० मेगाबाइटचा एखादा शैक्षणिक चित्रपट २ मेगाबिटच्या जोडणीवर उतरण्यास ५० मिनिटे लागतात. १०० मेगाबिटवर तेच काम एका मिनिटात होते. जुन्या तारेवर माहिती पाठविण्याचा वेग घेण्याच्या वेगापेक्षा फारच कमी असे. घरून शिकविणारा शिक्षक किंवा दाखले व अर्ज पाठविणारा ग्रामस्थ यांना हीच अडचण भासे. फायबरमध्ये ती पुष्कळशी दूर होते.

आता पहिला प्रश्न विजेचा. जुन्या टेलिफोनला लागणारी अल्प वीज एक्स्चेंजमधील बॅटऱ्यांकडून त्याच तांब्याच्या तारेतून मिळत असे. म्हणूनच गावात अंधार झाला तरी घरचा फोन चालू राही. काचेतून वीज वाहत नाही. फायबर ज्या यंत्राला येऊन मिळते ते यंत्र व राऊटर घरच्या विजेवर चालतात. वीज गेली की इंटरनेटबरोबर त्यावरील टेलिफोनही मुका होतो. पावसाळ्यात झाड कोसळून वीज जाते, नेमक्या त्याच वेळी रुग्णवाहिकेसाठी १०८ किंवा तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक फिरविण्याची वेळ येऊ शकते. ज्या घरात वृद्ध माणसे एकटी राहतात आणि मोबाइलच्या लहरी नीट पोहोचत नाहीत, त्या घरी ही बाब जिवाशी संबंधित आहे. अशा कुटुंबांनी जोडणीबरोबरच राऊटरसाठी मिळणारा लहान बॅटरीसंच घ्यावा. त्यावरील व्होल्ट व अँपिअर आपल्या यंत्राशी जुळतात की नाही, हे पाहून घ्यावे. दोन वेगळी यंत्रे असल्यास दोहोंची सोय करावी. खांबावरील विभाजकाला वीज लागत नाही. परंतु सेवा देणाऱ्या केंद्रात वीजबंदीच्या काळात किती तास काम चालते, हेही विचारून ठेवावे.

दुसरा प्रश्न घराच्या रचनेचा. गोव्यातील जुनी घरे चिऱ्याची, जाड भिंतींची आहेत. वाय-फायच्या लहरींना अशी भिंत ओलांडणे कठीण जाते. ती पावसाने भिजलेली असेल तर अधिकच. पुष्कळ राऊटर दोन प्रकारच्या लहरी देतात: २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, पण त्यांचा वेग कमी. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हार मानतात. यास्तव राऊटर ओसरीच्या कोपऱ्यात किंवा कपाटात न ठेवता घराच्या मध्यभागी, उंच व मोकळ्या जागी ठेवावा. जागा जोडणी करणारा कारागीर येण्यापूर्वीच ठरवावी. दूरच्या खोलीपर्यंत नेटवर्क केबल ओढून घेणे हा खात्रीचा उपाय होय. राऊटर किंवा संगणक जुना असून त्याचे तोंड १०० मेगाबिटचेच असेल, तर २०० मेगाबिटचे शुल्क भरूनही केबलवरून वेग १००च्या पुढे जाणार नाही.

किती वेग घ्यावा, याचाही हिशेब करावा. स्पष्ट चलच्चित्र पाहण्यास साधारण ५ मेगाबिट पुरतात. चार माणसे एकाच वेळी वापर करीत असली तरी ३० ते ४० मेगाबिटच्या योजनेत सर्वसाधारण कुटुंबाचे काम भागते.

काही गोष्टी पथ्य म्हणून पाळाव्यात. काचतंतू दाराच्या फटीत दाबू नये, तीक्ष्ण कोनात वळवू नये आणि त्यावर खिळा ठोकू नये. सुट्या टोकात डोळा लावून पाहू नये; त्यातील प्रकाश डोळ्यांना दिसत नसला तरी अपाय करू शकतो. यंत्रावर लाल दिवा लागल्यास बाहेरून प्रकाश येत नाही असे समजून तक्रार नोंदवावी. मेघगर्जना सुरू होताच प्लग काढून ठेवावा, कारण काचेतून वीज येत नसली तरी घराच्या वायरिंगमधून धक्का येऊ शकतो.

नवी जोडणी आली म्हणून जुनी त्याच दिवशी बंद करू नये. संगणक केबलने राऊटरला जोडून सकाळी व रात्री वेग मोजावा आणि फोन लावून पाहावा. टेलिफोन क्रमांक तोच राहणार काय, अनामत रक्कम कधी परत मिळणार, ठरावीक वापरानंतर वेग किती कमी होणार, ही उत्तरे लेखी घ्यावीत. जुना मोडेम परत करताना पावती घ्यावी. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा. सेवा देणाऱ्या संस्थेकडे प्रथम तक्रार केंद्र व नंतर अपील प्राधिकारी अशा दोन पायऱ्या २०१२ च्या विनियमांनी घालून दिल्या आहेत. शिवाय दूरसंचार सेवेबाबत ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली दिला आहे.

या कामी पंचायत आणि शाळा यांनी पुढाकार घेणे उचित होईल. वाड्यावाड्यांत एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरांची यादी करावी, आणि तेथे जोडणी बदलण्यापूर्वी बॅटरीची सोय झाली आहे किंवा नाही, हे पंचायत सदस्यांनी पाहावे. वेग कसा मोजावा आणि तक्रार कशी लिहावी, हे शिक्षकांनी वरच्या वर्गांतील मुलांना शिकविल्यास तीच मुले घरोघरी मदतीस जातील. पावसाळा सुरू होण्याआधी एवढे झाले, तर नव्या जोडणीचा लाभ गावातील प्रत्येक कुटुंबाला निर्धास्तपणे घेता येईल.