चांद्याचा अपक्ष खासदार

मूलहून गडचिरोलीच्या रस्त्याला लागलं, की सावली तालुक्यातच लोकसभा मतदारसंघ बदलतो. मूल चंद्रपूरमध्ये, सर्वसाधारण. सावली गडचिरोली-चिमूरमध्ये, अनुसूचित जमातींसाठी राखीव. राखीव जागेमुळे आदिवासी खासदार दिल्लीत हमखास पोचतो. पण तिथं तो बोलतो कुणाच्या वतीनं? 1985च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून पक्षादेश मोडून मत दिलं, तर खासदारकी जाऊ शकते.

1962 साली चांद्यानं, म्हणजे आजच्या चंद्रपूरनं, पानाबरसचे आदिवासी जमीनदार लालश्यामशहा यांना अपक्ष म्हणून निवडून दिलं होतं. पक्षच नाही, तर आदेश कुणाचा? दंडकारण्यात पूर्व पाकिस्तानातले निर्वासित वसवण्याला त्यांचा विरोध होता. 1964 मध्ये त्यांनी सरळ राजीनामाच दिला. बाणेदारपणा खराच, पण पोटनिवडणुकीत ती जागा सत्ताधारी काँग्रेसच्या ताई कन्नमवारांकडे गेली.