पावसासाठी राखलेली रिकामी जागा



गडचिरोलीतल्या भामरागडला पावसाच्या पाण्याविषयी बोलायचे तर पर्लकोटा नदीपासूनच सुरुवात करावी लागते. पर्लकोटा आणि पामुलगौतम इथेच इंद्रावतीला मिळतात. ओडिशातल्या कालाहंडीत उगम पावून बस्तरमधून येणारी इंद्रावती फुगली की या दोन्ही नद्यांना उतार मिळत नाही. पाणी मागे चढते आणि आलापल्लीची वाट बंद पडते. २०१९ च्या पावसाळ्यात असा पूर वारंवार आला. हा पूर आपल्या गटारांनी आणलेला नाही आणि आपल्या तळ्यांनी तो थांबणारही नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. मला बोलायचे आहे ते दुसऱ्या पाण्याविषयी. आपण बांधकाम करून जमीन झाकतो, म्हणून जे पाणी नव्याने वाहू लागते, त्याची जबाबदारी बांधणाऱ्याची आहे आणि ते त्याच्याच हद्दीत थोपवले गेले पाहिजे.

याचा हिशेब मांडता येतो. एक हेक्टरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १,००० घनमीटर, अर्थात दहा लाख लिटर पाणी. जंगलाच्या जमिनीवरून त्याचा पाचवा हिस्सा वाहतो असे धरले, तर ते २०० घनमीटर होते. तिथेच पत्र्याची छपरे, काँक्रीटचे अंगण आणि डांबरी रस्ता आला आणि वाहणारा हिस्सा ७० टक्क्यांवर गेला, तर ७०० घनमीटर. मधले ५०० घनमीटर आपण निर्माण केले. वेगही तसाच वाढतो. तासाला ५० मिलिमीटर पावसात जिथून सेकंदाला २८ लिटर पाणी निघत होते, तिथून आता ९७ लिटर निघते. नाला मात्र पूर्वीचाच राहतो, म्हणून खालच्या बांध्या फुटतात आणि उताराची घरे पाण्यात जातात. ऑगस्टमध्ये जमीन तुडुंब भिजल्यावर जंगलातूनही जास्त पाणी वाहते, हे खरे. पण झाडोरा आणि पालापाचोळा त्याला रेंगाळत सोडतात, काँक्रीट सोडत नाही.

आपल्या भागात मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि बोड्या असताना हे जादा पाणी थोपवणाऱ्या नव्या तळ्यांची गरज काय, असे विचारले जाते. कोहळी समाजाने उभी केलेली तलावांची परंपरा पूर्व विदर्भाचे वैभव आहे. परंतु धानासाठी तलाव भरलेला हवा असतो आणि पूर थोपवण्यासाठी जागा रिकामी हवी असते. काठोकाठ भरलेला तलाव पुढच्या सरीचे फारच थोडे पाणी अडवतो. छताच्या पाण्याने भूजल वाढवणारा शोषखड्डाही आवश्यक आहे, पण मुसळधार सरीपुढे त्याची क्षमता अपुरी पडते. वरच्या उदाहरणातला फरक सामावून घ्यायला २५ मीटर लांब, २० मीटर रुंद आणि एक मीटर खोल जागा पुरते. म्हणजे एकूण जमिनीच्या पाच टक्के. तळाशी सेकंदाला २८ लिटरच सोडणारे तोंड, त्याहून मोठ्या पावसासाठी वर सांडवा आणि प्रवेशाशी गाळ अडवणारा खड्डा, एवढीच त्याची रचना. पावसाळा सोडून उरलेले आठ महिने तेच खेळाचे मैदान होऊ शकते.

साचलेल्या पाण्याने हिवताप वाढेल, ही शंका गडचिरोलीत हलकी मानता येणार नाही. डासाची अंडी ते उडणारा डास हा प्रवास साधारण आठवडाभराचा असतो. म्हणून तळे एका दिवसात पूर्ण रिकामे झालेच पाहिजे. तोंड तुंबून पाणी राहिले तर दोष देखभालीचा, आणि देखभालीचा खर्च मंजुरीतच धरला पाहिजे. दुसरा आक्षेप तांत्रिक आहे. संगमालगत पाणी रोखून धरले, तर ते नदीच्या चढत्या पुराला जाऊन मिळेल. आक्षेप बरोबर आहे. म्हणून थोपवण्याची जागा उंचावर, नाल्याच्या उगमाकडे हवी. नदीकाठच्या सखल वस्तीचे पाणी मात्र इंद्रावती चढण्यापूर्वीच निघून जायला हवे. तिसरे म्हणणे असे, की हे शहरांचे प्रश्न आहेत. पण शहराचा अनुभवच आपल्याला सावध करतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पुढे हिंदमाता या सखल भागात तुंबणारे पाणी साठवण्यासाठी मुंबईला दादर-परळच्या मैदानांखाली टाक्या खणाव्या लागल्या, कारण जमिनीवर जागाच उरली नव्हती. आपल्याकडे जागा आहे. ती आत्ता राखणे टाक्या खणण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. शाळा, वसतिगृह, कार्यालय, घरकुलांची वसाहत, खनिजाचे आवार किंवा रस्ता, प्रत्येक आराखड्यासोबत बांधकामाआधीचा आणि नंतरचा प्रवाह लिहिलेला असावा, आणि नंतरचा आधीपेक्षा जास्त नसावा. हा हिशेब मराठीत आणि माडियात ग्रामसभेपुढे मांडला जावा, कारण खालची शेते तिच्या माणसांची आहेत. मृगाआधी गाळ काढल्याची नोंद दरवर्षी जाहीर व्हावी. सुरुवात शासकीय इमारतींपासून करू, म्हणजे खाजगी बांधकाम करणाऱ्याला नियम सांगण्याचा अधिकार आपल्याला उरेल. अभियंते आणि नगररचनाकारांच्या या परिषदेने तसा ठराव करावा आणि आपल्यापैकी प्रत्येकाने पुढच्या आराखड्यावर सही करण्याआधी तो पाळावा, एवढीच विनंती करून मी थांबतो.