निरोपांचा सर्व्हर आपल्या गावी



या व्यासपीठावर संतवाङ्मयावर बोलणारे येतात, अर्थशास्त्रावर बोलणारे येतात, परराष्ट्रधोरणाचा ऊहापोह करणारे येतात. त्यांच्या पंक्तीत, संदेशाचा सर्व्हर कसा बसवावा हे सांगायला उभा राहणारा मनुष्य म्हणजे जेवणाऱ्यांच्या पानावर येऊन बसलेला आचारीच म्हणायचा. पण चिटणिसांनी आग्रह धरला. आणि आचाऱ्याला निदान चूल कुठे धुमसते हे ठाऊक असते, एवढ्याच भांडवलावर मी आपला थोडा वेळ घेणार आहे.

४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. सोमवार होता. रात्री नऊच्या सुमारास व्हॉट्सॲप एकाएकी मुके झाले. प्रत्येकाला प्रथम वाटले की आपलाच फोन बिघडला. कोणी तो बंद करून पुन्हा चालू केला, कोणी गच्चीवर जाऊन पाहिले. ही अवस्था सुमारे सहा तास टिकली. कारण मागाहून कंपनीनेच सांगितले. देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेमुळे तिच्या केंद्रांना जोडणारे जाळे तुटले, आणि तिच्या यंत्रांकडे कोणत्या वाटेने यावे हे जगाला सांगणारी सूचनाच नाहीशी झाली. यंत्रे जागच्या जागी होती. त्यांच्याकडे जाणारी वाट मात्र पुसली गेली होती.

त्या रात्री एक गोष्ट मला पहिल्यांदा नीट उमगली. मी शेजारच्या जोशीकाकूंना ‘उद्या सकाळी चहाला या’ असे लिहितो, तेव्हा तो निरोप मधली भिंत ओलांडून जात नाही. तो दूरच्या कोणत्या तरी केंद्रातल्या यंत्राकडे जातो आणि तेथून फिरून काकूंकडे येतो. हे मधले यंत्र म्हणजे सर्व्हर. निरोप घ्यायचा, ज्याचा त्याला पोचवायचा, आणि तो घरी नसेल तर येईपर्यंत जपून ठेवायचा, एवढेच त्याचे काम. आपल्या गावात टपालकचेरी करते त्याहून ते फारसे निराळे नाही.

मग अशी कचेरी आपली आपण काढता येईल का? येते, आणि आज नव्हे, पंचवीस वर्षांपासून येते.

गेल्या शतकाच्या अखेरीस तत्काळ संदेशाची चार-पाच मोठी दुकाने होती. एओएलचे एक, आयसीक्यूचे एक, याहूचे एक, मायक्रोसॉफ्टचे एक. एका दुकानात खाते असलेल्याने दुसऱ्या दुकानातल्या मित्राला निरोप धाडण्याची सोय नव्हती. जेरेमी मिलर या अमेरिकन तरुणाने जानेवारी १९९९ मध्ये ‘जॅबर’ नावाचा आपला प्रकल्प जाहीर केला, तो हीच कोंडी फोडायला. कल्पना साधी होती. ई-मेलसारखाच पत्ता ठेवायचा, आधी माणसाचे नाव आणि मग त्याच्या घराचे. घर कोणीही बांधावे, आणि घराघरांनी एकमेकांशी एका ठरलेल्या भाषेत बोलावे. ती भाषा २००४ मध्ये इंटरनेटच्या मानकांत रीतसर दाखल झाली. तिचे नाव एक्सएमपीपी. आणि ती चार-पाच दुकाने? एओएलचे २०१७ मध्ये बंद झाले, याहूचे २०१८ मध्ये, आयसीक्यूचे २०२४ मध्ये. दुकान बंद झाले की पत्ताही जातो, हा त्यातला खरा तोटा.

परंतु खुल्या भाषेलाही दृष्ट लागते. गूगलने २००५ साली याच भाषेवर आपली टॉक ही सेवा उभारली आणि पुढच्याच वर्षी बाहेरच्या सर्व्हरांना दार उघडले. आम्ही मंडळी हर्षभरित झालो. झाले असे, की दार उघडे आहे म्हणून बहुतेक सारे त्याच वाड्यात राहायला गेले. २०१३ मध्ये वाड्याने नवी सेवा काढली, ती ही भाषा बाहेरच्यांशी बोलेना. आणि २०२२ मध्ये जुनी टॉकही मिटली. नुसती भाषा खुली असून भागत नाही, घरेही पुष्कळ असावी लागतात, हे आम्ही तिथे शिकलो. आणखी एक गंमत सांगतो. ज्या व्हॉट्सॲपच्या कुंपणाआड आज आपण सारे बसलो आहोत, ते आरंभी उभे राहिले ते ‘ईजॅबरडी’ या मुक्तस्रोत सर्व्हरावरच. बियाणे सार्वजनिक होते. कुंपण मागाहून आले.

असो. आता चुलीकडे वळतो.

आमच्या वाचनालयासाठी आम्ही जो सर्व्हर निवडला त्याचे नाव ‘प्रोसॉडी’. या शब्दाचा अर्थ छंदशास्त्र. मात्रा मोजणाऱ्या शास्त्राचे नाव निरोप वाहणाऱ्या यंत्राला कोणी का दिले असेल याचा विचार मी पुष्कळदा करतो. पण यतिभंग त्यालाही खपत नाही, हे पुढे कळेलच. तो ‘लुआ’ या ब्राझीलमध्ये जन्मलेल्या भाषेत लिहिलेला आहे आणि मुक्तस्रोत आहे. म्हणजे त्याची संहिता कोणीही वाचावी, बदलावी, वापरावी. मोल पडत नाही. तो अंगाने इतका हलका आहे की टाकाऊ म्हणून बाजूला ठेवलेला संगणकही त्याला पुरतो.

आम्ही तसाच एक संगणक वाचनालयाच्या कपाटात बसवला आणि पहिल्याच दिवशी फसलो. अनेक साध्या इंटरनेट जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो. एकाच पत्त्यामागे अनेक घरे दाटीवाटीने बसवलेली असतात. अशा घरातून बाहेर बोलता येते, पण बाहेरच्याला तुमचे दार सापडत नाही. शेवटी महिन्याच्या भाड्याने एक लहानसे यंत्र घेतले, त्यावर डेबियन ही लिनक्सची प्रणाली घातली, आणि कपाटातल्या संगणकाकडे दुसरे काम दिले. ते पुढे सांगतो.

डेबियनवर प्रोसॉडी बसवायला एक ओळीची आज्ञा पुरते. चहा गाळून होईपर्यंत काम संपते. खरे काम त्यानंतर सुरू होते, आणि ते एका साध्या मजकुराच्या फायलीत असते. त्या फायलीत गावाचे नाव घालायचे, म्हणजे आपले डोमेन. डोमेनच्या नोंदवहीत निरोप कोणत्या यंत्राकडे आणायचे ते लिहायचे. दोन दारे उघडी ठेवायची. ५२२२ क्रमांकाचे माणसांसाठी, ५२६९ क्रमांकाचे दुसऱ्या सर्व्हरांसाठी. या दारांना पोर्ट म्हणतात. दुसरे बंद ठेवलेत तर गावातल्या गावात बोलणे चालते, पण परगावी निरोप जात नाही, आणि लोक म्हणतात, ‘सर्व्हर बिघडला.’

फायलीत सोयींची एक यादी असते. ज्या ओळीच्या आरंभी दोन आडव्या रेघा, ती ओळ निजलेली. रेघा पुसल्या की ती सोय जागी होते. तीन सोयी अवश्य जागवाव्यात. एक, बसमध्ये जाळे तुटले तरी निरोप वाटेत सांडू न देणारी. दुसरी, आलेला निरोप फोन व संगणक दोन्हीकडे पोचवणारी. तिसरी, जुने निरोप काही दिवस सर्व्हरवर ठेवणारी. किती दिवस ते आपण ठरवायचे. गटात बोलण्यासाठी एक निराळा भाग जोडावा लागतो. वाचनमंडळ, भिशी, नाटकाची तालीम, जो तो आपली खोली करतो. फोनवर अँड्रॉइडसाठी ‘कॉन्व्हर्सेशन्स’ आणि आयफोनसाठी ‘मोनल’ ही ॲप्स चांगली.

छंदशास्त्राचा प्रत्यय इथे येतो. आमच्या एका उत्साही सभासदाने ही यादी पत्रे लिहिण्याच्या कार्यक्रमात टंकून आणली. त्या कार्यक्रमाने साधी अवतरणचिन्हे सुशोभित करून वळणदार केली. दिसायला सुरेख, पण सर्व्हर उठेना. आम्ही दोघे रात्री अकरापर्यंत डोळे फाडून पाहत होतो आणि चूक डोळ्यांसमोर होती. मजकूर तपासण्याची एक आज्ञा प्रोसॉडीबरोबरच येते, ती आधी चालवली असती तर साडेआठला जेवलो असतो.

याहून मोठी चूक माझी एकट्याची. ज्याला वाटेल त्याने खाते उघडावे, ही मुभा मूळ मांडणीत बंद असते. मी ती उघडली. वाचनालयाचे दार सर्वांना खुले असावे हा त्यातला उदात्त विचार. आठ दिवसांत आमच्या पत्त्यांवरून कोण कुठल्या परक्यांना जाहिराती धाडू लागले, आणि इतर सर्व्हरांनी आमच्याशी बोलणे टाकले. दार खुले ठेवणे आणि दारावर कोणी नसणे या दोन गोष्टी मी एकच समजलो होतो. त्यानंतर प्रत्येक खाते आम्ही हाताने उघडतो. माणूस येतो, नाव सांगतो, चार शब्द बोलतो.

तिसरा प्रसंग प्रमाणपत्राचा. हा सर्व्हर खरोखर त्याच गावचा आहे, अशी ग्वाही देणारे प्रमाणपत्र लागते. त्याशिवाय फोन बोलायला नकार देतात. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था ते फुकट देते, पण त्याची मुदत थोडी. नूतनीकरण आपोआप होईल अशी व्यवस्था मी केली होती आणि ते होतही होते. मात्र नवे प्रमाणपत्र आले की ते प्रोसॉडीच्या हाती द्यावे लागते, ती आज्ञा लिहायची राहिली. नवे पत्र फडताळात पडून, आणि सर्व्हर जुनेच दाखवत राहिला. मुदत संपली ती नेमकी दिवाळीच्या पाडव्याला.

या साऱ्या चुका सुधारता येतात. एक गोष्ट मात्र कोणत्याही फायलीतली ओळ बदलून सुधारत नाही, आणि खरे तर तेवढ्यासाठीच मी आज उभा राहिलो आहे.

सर्व्हर ज्याच्या ताब्यात, त्याला निरोप वाचता येतात. वाटेत ते कुलूपबंद असतात, पण सर्व्हरवर आले की उघडे. यावर उपाय आहे. ‘ओमेमो’ नावाची पद्धत २०१५ पासून आहे. तिच्यात निरोप लिहिणाऱ्याच्या फोनवरच बंद होतो आणि वाचणाऱ्याच्या फोनवरच उघडतो. ती आम्ही सर्वांना वापरायला लावतो. पण कुलूप लावलेली पेटीसुद्धा कोणाकडून निघाली, कोणाकडे गेली, रात्री किती वाजता गेली, हे हमालाला कळतेच. व्हॉट्सॲपनेही २०१६ मध्ये सर्व निरोपांना असेच कुलूप घातले. पेट्यांच्या येण्याजाण्याचा हिशेब तिथे दूरच्या कंपनीकडे असतो. आमच्या सर्व्हरवर तो माझ्याकडे आला. दूरच्या कंपनीला जोशीकाकू कोण हे ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. आपल्याच आळीतला टपालवाला अधिक बरा की अधिक वाईट, हे मला अजून नक्की सांगता येत नाही.

एकदा एक प्रतिष्ठित गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांच्या मुलीचे खाते आमच्या सर्व्हरवर होते. ती कोणाशी बोलते एवढेच त्यांना हवे होते. ‘काय बोलते ते नको, मास्तर, फक्त कोणाशी.’ गृहस्थ दुष्ट नव्हते, काळजीत होते. आणि ती माहिती माझ्यापासून दोन आज्ञांच्या अंतरावर होती. मी नाही म्हटले. पण खरे सांगतो, म्हणायला वेळ लागला. ते गेल्यावर मला भय वाटले ते त्यांचे नव्हे, माझे. उद्या माझ्या जागी दुसरा असेल, किंवा मीच एखाद्या दिवशी निराळ्या मनःस्थितीत असेन.

त्यानंतर आम्ही सभा घेऊन काही नियम केले. जुने निरोप तीस दिवसांवर ठेवायचे नाहीत. कोण कधी आले-गेले याची नोंद बिघाड शोधण्यापुरती, आठवड्यात पुसायची. सर्व्हरची किल्ली एकाच्या हाती नाही. दोघे मिळून आत जायचे, आणि आत जाऊन काय केले ते वाचनालयातल्या वहीत शाईने लिहायचे. ती वही कोणत्याही सभासदाने केव्हाही मागावी. दर रविवारी सर्व्हरची एक प्रत कपाटातल्या त्या जुन्या संगणकावर उतरवतो, हे त्याला दिलेले दुसरे काम. प्रतीलाही तेच तीस दिवस लागू.

यामुळे आपण व्हॉट्सॲप सोडाल असे मला वाटत नाही. मीही सोडलेले नाही; माझी बहीण बडोद्याला आहे, ती म्हणते, ‘दादा, तुझ्या यंत्राशी तूच बोल.’ आमच्याकडे शे-पाऊणशे माणसे आहेत, त्यांतली निम्मी रोज येतात. पण त्यांचे पत्ते वाचनालयाच्या डोमेनवर आहेत, आणि उद्या प्रोसॉडी जाऊन दुसरा सर्व्हर आणला तरी ते तसेच राहतील.

काम आठवड्याला तासाभराचे. संगणक येणारा एक आणि न येणारा एक अशी जोडी आम्ही मुद्दाम लावतो, कारण न येणारा ‘हे कशासाठी?’ म्हणून विचारतो. ती वही मी आज बरोबर आणली आहे, चिटणिसांच्या टेबलावर ठेवली आहे. मे महिन्याच्या पाळीत एकच नाव आहे, दुसरी ओळ रिकामी आहे. पेन वहीतच आहे.