तुरीच्या फुलाचे किलकिले दार

पळस आणि तूर ही एकाच शिंबावंत कुळातील भावंडे होत. दोघांच्या फुलांची घडण पतंगासारखी असते: मागे उभा ध्वजक, दोन बाजूंना दोन पक्ष आणि खाली जुळलेल्या दोन पाकळ्यांचे होडीसारखे नौतल. या होडीत पुंकेसर व कुक्षी झाकलेली असतात. घडण एकच असली तरी बीजधारणेची रीत मात्र भिन्न आहे.

पळस परक्या परागाची वाट पाहतो. दिल्ली विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, त्याच्या फुलांवर अनेक पक्षी येतात. पण नौतल उघडून परागण घडवितो तो जांभळा शिंजीर. खारीचाही यात वाटा असतो.

तुरीने मधला मार्ग पत्करला आहे. कळी उमलण्यापूर्वीच आत परागकोश फुटतात; म्हणून झाड मलमलीत झाकून ठेवले तरी शेंगा धरतात. तथापि फूल उमलल्यावर आग्या मोहोळाची माशी, किंवा पाने कापून घरटे रचणारी एकांडी माशी, मधासाठी येते. तिच्या भाराने नौतल दबते आणि शेजारच्या झाडाचा पराग कुक्षीस लागतो. अशा संकराचे प्रमाण स्थळकाळानुसार बदलते. पाचवा हिस्सा बी संकरित निघणे ही असाधारण गोष्ट नव्हे.

या किलकिल्या दाराचा तोटा शेतकऱ्याला सोसावा लागतो. मर रोगाला दाद न देणाऱ्या वाणाचे बी त्याने घरी राखले, तरी शेजारच्या तुरीशी संकर होऊन काही वर्षांत तो गुण विरळ होत जातो. म्हणूनच शुद्ध बियाण्याचे शेत इतर तुरीपासून दूर ठेवावे लागते.

परंतु लाभही याच दाराने येतो. हाताने संकर करून शेतापुरते बी मिळविणे अशक्यप्राय असते. हैदराबादजवळील पाटणचेरू येथील इक्रिसॅट या संस्थेच्या संशोधनातून, नर-वंध्य झाडांच्या आधारे, १९९१ मध्ये पहिली संकरित तूर प्रसारित झाली. पण बीजोत्पादनातील मादी ओळींत निम्मी झाडे सपराग निघत. ती फुलोऱ्यात ओळखून उपटावी लागत. बी महाग पडले आणि वाण रुजला नाही. पुढे तुरीच्या जवळच्या एका रानटी जातीचे पेशीद्रव्य वापरून, ज्यातील सर्वच झाडे नर-वंध्य असतात असा वंश सिद्ध झाला. त्यावर आधारलेली संकरित तूर २०१० मध्ये मध्य प्रदेशात प्रसारित झाली.

येथेही पराग वाहते ती माशीच. शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी ऐन फुलोऱ्यात विषारी फवारणी झाली, तर अळीबरोबर माशीही मरते. साधी तूर तेव्हाही स्वतःच्या परागावर तग धरील; नर-वंध्य ओळी मात्र फुलांनी बहरूनही शेंगांवाचून राहतील. शुद्ध बियाण्यासाठी जिला दूर ठेवावयाचे, संकरित बियाण्यासाठी तिलाच जपावयाचे असते. तुरीच्या सुधारणेचे यश हा विवेक राखण्यावर अवलंबून आहे.