आधी मान बघा, मग नाव घ्या: चार होले कसे ओळखायचे

पक्षी बघायला निघालं की आपली नजर गरुडावर, फ्लेमिंगोवर. तारेवरचा होला? ‘हां, होला आहे,’ म्हणून पुढे. आज त्याच होल्यापाशी थोडं थांबूया. कोकणात काही ठिकाणी याला कवडा म्हणतात.

आधी माझी एक चूक सांगतो. सुप्याच्या माळरानावर संध्याकाळी तारेवर एक तांबूस होला दिसला. मी खुशाल ‘लाल होला’ अशी नोंद केली. नोंदी तपासणाऱ्या एका जाणकारांनी विचारलं, “शेपटीखाली रंग कोणता होता?” मला सांगताच येईना. मग घरी फोटो नीट पाहिला. पक्षी पठाणी होला होता, तांबडं होतं ते मावळतीचं ऊन! नोंद दुरुस्त केली आणि तेव्हापासून एक नियम पाळतो: रंगावर शेवटी जायचं, सुरुवात मानेपासून करायची.

मानेवर काय बघायचं? काळ्या पट्ट्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे पांढरे ठिपके मानेच्या मागच्या बाजूला असतील, तर तो ठिपकेवाला होला. ठिपके पुढे, गळ्याच्या खाली छातीवर असतील, तेही तांबूस रंगावर काळे, तर तो छोटा तपकिरी होला. याच्या पंखाच्या कडेला निळसर राखाडी पट्टा असतो. आणि ठिपके नाहीतच, मानेमागे काजळाची एक रेघ ओढल्यासारखी अर्धी कंठी आहे, तर तो पठाणी किंवा लाल होला.

खरी गंमत या दोघांत आहे. लाल होल्याचा नर सोपा: अंग विटकरी, डोकं राखाडी. पण मादी तपकिरी राखाडी असते, थेट छोट्या पठाणीसारखी. इथे मापाची मदत घ्यायची. लाल होला साधारण २३ सेंटिमीटर, म्हणजे साळुंकीएवढा. पठाणी होला साधारण ३२, म्हणजे जवळजवळ पारव्याएवढा. पण तारेवर एकटाच बसलेला पक्षी केवढा आहे, हे डोळ्यांना नीट कळत नाही बरं का! शेजारी साळुंकी किंवा पारवा असेल तरच तुलना करा. नाहीतर शेपटीच्या मुळाशी, खालून बघा: लाल होल्यात तिथे पांढरं, पठाणीत राखाडी. लाल होल्याची शेपटीही आखूड असते.

आता कान लावा. पठाणीचा आवाज तीन सुरांचा, मधल्या सुरावर जोर: कु-कूऽऽ-कु. छोटा तपकिरी होला हलकं हसल्यासारखं पाच-सहा वेळा घुमतो. लाल होल्याचा आवाज घाईचा, घोगरा, एकाच तालात चालणारा.

एक सावधगिरी मात्र हवी. पिल्लांच्या मानेवर खुणा नसतात, किंवा पुसट असतात. ठिपकेवाल्या होल्याचं पिल्लू मान साधी ठेवून समोर बसलं, तर चांगले चांगले फसतात. अशा वेळी जवळ मोठे पक्षी आहेत का ते बघा, आवाज ऐका.

आणि तरीही कळलं नाही तर? ‘होला, जात नक्की नाही’ असं लिहा. यात कमीपणा काहीच नाही. आपण होले सर्रास दिसतात म्हणून अंदाजाने नावं टाकली, तर उद्या एखाद्या गावातला लाल होला कमी झाला तरी नोंदींमधून ते कळणारच नाही. चुकीचं नाव टाकण्यापेक्षा न कळलेलं कबूल करणं त्या पक्ष्याच्या जास्त कामाचं.

उद्या सकाळी चहा घेताना खिडकीबाहेरच्या होल्याची मान बघा. काय दिसलं ते आम्हाला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात. नमस्कार.