सेवेची पाळी संपते तेव्हा

(एका व्याख्यानाचे शब्दांकन)



मुंबईहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव हे स्थानक लागते. गाडी थांबली की दर्शनार्थींचा लोंढा बाहेर पडतो. त्या गर्दीत काही माणसे अशीही असतात, की ज्यांना केवळ दर्शन घेऊन परतायचे नसते. त्यांच्या पिशवीत पांढरे स्वच्छ कपडे आणि टोपी असते. शेतीचे काम भावावर सोपवून, दुकान मुलाच्या हाती देऊन किंवा कचेरीतून रजा काढून ती आलेली असतात. श्रीगजानन महाराज संस्थानात ठरलेल्या दिवसांची सेवा करायची आणि पुन्हा आपल्या गावी जायचे, एवढाच त्यांचा बेत. शेगाव त्यांना 'सेवेकरी' म्हणून ओळखते.

या सेवेला वेतन नाही. कोणी दर्शनबारीत उभा राहतो, कोणी महाप्रसादाच्या पंगतीत वाढतो, कोणी भक्तांची पादत्राणे सांभाळतो, कोणी फरशी पुसतो आणि स्वच्छतागृहे धुतो. गावाकडे ज्याच्या शब्दाला मान आहे असा बागाईतदार येथे दुसऱ्याच्या चपला उचलून खणात ठेवताना दिसतो, आणि त्यात कोणाला काही विशेष वाटत नाही. सेवेकऱ्याच्या तोंडी प्रत्येक भाविकासाठी एकच संबोधन असते, 'माउली'. 'माउली, पुढे चला', 'माउली, येथे बसा'. समोरचा कोणत्या जातीचा, कोणत्या हुद्द्याचा, मोटारीतून आला की एसटीने, याची चौकशी त्या शब्दाला करावी लागत नाही.

शेगावची स्वच्छता आणि शिस्त यांचे कौतुक सारा महाराष्ट्र करतो. ते योग्यच आहे. पण त्या कौतुकात एक प्रश्न हरवून जातो आणि आजच्या विवेचनाचा विषय तोच आहे. सेवेची पाळी संपते, सेवेकरी प्रसाद घेऊन गाडीत बसतो, गावी पोहोचतो. त्यानंतर 'माउली' या शब्दाचे काय होते?

थोडे मागे जाऊ या. दिनांक 23 फेब्रुवारी 1878 रोजी महाराज शेगावात प्रथम दृष्टीस पडले, ते कोठल्याही मंदिराच्या गाभाऱ्यात नव्हे. देविदास पातुरकरांच्या घरी भोजनाचा प्रसंग होता आणि घराबाहेर उष्ट्या पत्रावळी टाकल्या होत्या. त्या पत्रावळींवरील शिते वेचून खाणारा एक दिगंबर पुरुष बंकटलाल अग्रवाल आणि दामोदर कुलकर्णी यांनी पाहिला. दासगणू महाराजांच्या 'श्रीगजानन विजय' ग्रंथामुळे हा प्रसंग घरोघरी पोहोचला आहे. एकवीस अध्यायांचा हा ग्रंथ विदर्भातच काय, पुण्या-मुंबईच्या आणि परदेशातल्या मराठी घरांतही वाचला जातो. कोणी एका आसनावर पारायण पूर्ण करतात. अलीकडे मोबाइलवर गट करून अध्याय वाटून घेण्याची पद्धतही रूढ झाली आहे. पद्धत बदलली म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. नोकरीच्या धबडग्यातून तेवढा वेळ काढणे हेही काही थोडे नाही. मात्र पहिल्याच प्रसंगात उष्ट्या पत्रावळीवरचे शीत वेचणारा संत ज्यांनी वाचला, त्यांच्याच घरच्या मंगलकार्यात बुफेच्या ताटांतून किती अन्न मागल्या दाराने बाहेर जाते, हे एकदा पाहावे.

याच ग्रंथातील अकोलीच्या भास्कर पाटलांची कथा सर्वांना ठाऊक आहे. रणरणत्या उन्हात महाराजांनी भास्कराकडे पाणी मागितले. भास्कराने ते नाकारले. धडधाकट माणसाने काम न करता हिंडावे आणि दुसऱ्याने वाहून आणलेले पाणी मागावे, हे त्याला पटले नाही. पुढे जवळच्या कोरड्या विहिरीला पाणी लागले आणि भास्कर महाराजांचा भक्त झाला, असे परंपरा सांगते. कथा वाचताना श्रोत्यांचे हात जोडले जातात ते विहिरीपाशी. पण भास्कराचा नकार समजून घेतल्याशिवाय ती कथा समजत नाही.

हा प्रदेश पूर्णा नदीच्या खोऱ्याचा. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदचा बराचसा भाग आणि शेजारच्या अकोला, अमरावती जिल्ह्यांतील शेकडो गावे खारपाणपट्ट्यात येतात. विहीर खोदली तरी पाणी खारट, पिण्यास आणि ओलितास निरुपयोगी. गोड्या पाण्यासाठी येथल्या आयाबहिणींनी पिढ्यान्‌पिढ्या पायपीट केली आहे. भास्कराने ते पाणी दुरून वाहून आणले होते. तो दुष्ट नव्हता. कष्टाने मिळवलेली वस्तू कोणाला द्यावी आणि कोणाला देऊ नये, याचा व्यवहारी हिशेब त्याने केला, जो कोणताही सभ्य गृहस्थ रोज करतो. दारी आलेल्याला 'धडधाकट दिसतोस, काम कर' असे सांगणाऱ्यांत बहुधा या सभागृहातील निम्मी मंडळी निघतील. भास्कराचे मोठेपण असे, की हिशेब चुकल्याचे दिसताक्षणी त्याने तो सोडून दिला. स्वतःच्या बरोबर असण्याला धरून बसला नाही. विहिरीला पाणी लागणे हा महाराजांचा अधिकार. त्यानंतर भास्कराने जे केले, ते मात्र कोणत्याही संसारी माणसाला करता येण्यासारखे आहे. पारायण करणाऱ्यांचे लक्ष तेथे क्वचितच रेंगाळते.

संस्थानची स्थापना महाराजांच्या हयातीतच, 1908 साली झाली. 8 सप्टेंबर 1910 रोजी ऋषिपंचमीला महाराजांनी समाधी घेतली. संस्था स्थापन होणे सोपे, टिकणे अवघड, आणि देवस्थानची संस्था निष्कलंक टिकणे तर त्याहून अवघड. महाराष्ट्रातील कितीतरी देवस्थानांचे तंटे न्यायालयात पिढ्यान्‌पिढ्या चालू असतात. शेगावचे वेगळेपण ज्या कोणामुळे आहे, त्यांत शिवशंकरभाऊ पाटील यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. 4 ऑगस्ट 2021 रोजी त्यांचे निधन झाले. कोट्यवधींची उलाढाल असलेल्या संस्थानाचा कारभार दशकानुदशके पाहणारे भाऊ तेथे पाणीसुद्धा घरचेच घेत, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. कोणाला हा आग्रह टोकाचा वाटेल. प्रसाद म्हणून घोटभर पाणी घेतल्याने काय बिघडते? काहीच बिघडत नाही. परंतु विश्वस्ताने पाणी घेतले, तर व्यवस्थापक चहा घेतो, आणि व्यवस्थापकाने चहा घेतला, तर कोठारातील माणूस तुपाचा डबा घरी नेतो. आपल्या सार्वजनिक जीवनाचा अनुभव याहून निराळा आहे काय?

सतराव्या-अठराव्या शतकातील कथा ऐकताना ज्या निःस्पृहतेला मान डोलावली जाते, ती एकविसाव्या शतकात, बुलढाणा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, वहीखात्यांच्या आणि पावतीपुस्तकांच्या मध्ये बसून कोणी जगून दाखवली, ही गोष्ट साधी नाही. भाऊ प्रवचनकार नव्हते. त्यांची श्रद्धा हिशेबाच्या वहीत उतरली होती. गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी स्वकर्मानेच आपले पूजन करण्यास सांगितले आणि ज्ञानेश्वर माउलींनी त्या स्वकर्मांना फुलांची उपमा दिली. चोख ताळेबंद हेही त्या परडीतले फूल आहे, हे मात्र ध्यानात येत नाही.

संस्थानने शाळा काढल्या, 1983 साली अभियांत्रिकी महाविद्यालय उभे केले, सातपुड्याच्या पायथ्याच्या वनवासी पाड्यांपर्यंत औषधोपचार नेला. याच जिल्ह्यात मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम येथे शुकदास महाराजांनी 1965 साली विवेकानंद आश्रम स्थापन केला. महाराजांचे 2017 मध्ये निर्वाण झाले. विवेकानंद जयंतीच्या उत्सवात तेथे शेतात लांबच लांब पंगती बसतात आणि पुरी व वांग्याची भाजी ट्रॅक्टरमधून आणून वाढली जाते. लाखभर माणसे एका वेळी जेवतात आणि शेजारी कोण बसला आहे, हे कोणी विचारत नाही. प्रश्न दुसऱ्या दिवशीचा असतो. त्या पंगतीतून उठून गेलेला माणूस स्वतःच्या वाड्यावर मजुराला चहा देताना वेगळी कपबशी काढतो काय? जिल्ह्यात आजही अशी घरे असतील, तर पंगतीचे पुण्य त्यांच्या उंबरठ्याबाहेरच थांबले आहे असे समजावे.

येथे एक आक्षेप येणारच. 'संसारी माणसाने हे सगळे कसे पाळायचे? दुकान चालवायचे तर थोडे इकडेतिकडे करावे लागते.' हा युक्तिवाद फार जुना आहे. गुरुवारचा उपवास निष्ठेने करणारा गृहस्थ शुक्रवारी मापात काट मारतो आणि त्याचे त्यालाही काही खटकत नाही, कारण त्याच्या मनात देवाचे खाते निराळे आणि दुकानाचे निराळे. कचेरीतल्या टेबलावर महाराजांची तसबीर असते आणि त्याच टेबलापाशी सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी म्हातारा शेतकरी चौथ्यांदा येऊन उभा असतो. तसबिरीला उदबत्ती लावायला दोन मिनिटे लागतात. उतारा द्यायलाही फार वेळ लागत नाही. शेगावच्या दर्शनबारीत हाच कर्मचारी एखाद्या आजोबांना हाताला धरून पायरी चढवतो, 'माउली, सावकाश' म्हणतो. मग कचेरीत त्याच वयाच्या माणसाला 'उद्या या' कसे सांगतो? ढोंग म्हणून हे झटकून टाकणे सोपे आहे, पण ते ढोंग नसते. मंदिरातील त्याचा भाव खरा असतो, म्हणूनच त्याच्यापाशी हा प्रश्न विचारण्यात अर्थ आहे.

आता याहून गंभीर गोष्ट. विदर्भातील शेतकरी आत्महत्यांनी साऱ्या देशाला हादरवले, तेव्हा 2006 साली केंद्र सरकारने सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांची योजना जाहीर केली. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम आणि वर्धा यांच्या जोडीला त्यात बुलढाणाही होता. कर्ज, नापिकी, कापसाचा भाव, ओलिताचा अभाव या कारणांची चर्चा पुष्कळ झाली, आणि शासनाचे दायित्व कोणी नाकारू नये. पण हा जिल्हा संतांचा आहे, गावोगावी हनुमानाचे देऊळ आहे, सप्ताह होतात, काकडा होतो. संस्थानने कितीतरी खेड्यांतील भजनी मंडळांना टाळ, मृदंग आणि वीणा दिल्या आहेत. संध्याकाळी देवळात पंधरा-वीस माणसे भजनाला बसतात. त्यांतला एक जण आठ दिवस येत नाही. टाळ वाजतच राहतात.

शेतकऱ्याचा धीर एका दिवसात सुटत नाही. आधी तो बाजाराला जाणे टाळतो, मग पारावर बसणे सोडतो, मग भजनाला येत नाही. बँकेची नोटीस आलेली, सावकाराने चारचौघांत बोललेले, मुलीच्या सोयरिकीचे पुढे ढकललेले. हे सारे तो बायकोपाशीही बोलत नाही. गावात हे पहिल्यांदा कोणाच्या लक्षात यायला हवे? तलाठ्याच्या की तालुक्याच्या डॉक्टरच्या? ज्याच्या शेजारी मांडीला मांडी लावून तो वर्षानुवर्षे अभंग म्हणत बसला, त्याच्या. त्याने भजन संपल्यावर त्या घरावरून जावे, 'दिसला नाहीत, भाऊ?' एवढेच विचारावे, ओसरीवर अर्धा तास बसावे. कर्ज त्याने फिटणार नाही. पण एकटा पडलेला माणूस त्या रात्री एकटा राहत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्यासोबत बँकेत जायला दोघे निघाले, तर साहेबाचा आवाजही थोडा खाली येतो, हा खेड्यातील अनुभव आहे. कधी त्याला दवाखान्यातही न्यावे लागेल. त्यात कमीपणा कसला?

यासाठी नवी संघटना नको, निधी नको, ठराव नको. विदर्भाच्याच मातीतले गाडगेबाबा दिवसा खराट्याने गाव झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. खराटा आणि कीर्तन ही दोन कामे आहेत, असे त्यांना कधी वाटले नाही.

अर्धशतकाहून अधिक काळ शेगावची पालखी दरवर्षी पायी पंढरपूरला जाते. शुभ्र वेषातील वारकऱ्यांच्या त्या रांगा, त्यांची शिस्त पाहण्यासाठी माणसे रस्त्याच्या दुतर्फा उभी राहतात. परतीच्या वाटेवर जिजाऊंचे माहेर सिंदखेडराजा लागते, मेहकर लागते, आणि खामगावहून शेगावपर्यंतच्या शेवटच्या टप्प्यात तर पालखीसोबत चालणाऱ्यांचा महापूर येतो. घरातली लेकरे, म्हातारी, महाविद्यालयातील तरुण, सारे पहाटेच निघतात. वाटेत कोणी चहा देतो, कोणी केळी, कोणी नुसतेच पाणी. खारपाणपट्ट्यातल्या माणसाने अनोळखी वाटसरूला पाणी देणे म्हणजे काय, हे भास्कराच्या गावाला सांगावे लागत नाही. चहाचे कागदी पेले कडेला न फेकता पिशवीत जमा करणारी काही मुलेही त्या गर्दीत असतात, आणि त्यांच्याकडे फारसे कोणी पाहत नाही.

ते दिवस पावसाळ्याच्या मध्याचे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी आणि सोयाबीन उभे असते. पाऊस लांबला असेल तर दुबार पेरणीचा खर्च डोक्यावर असतो. पीककर्जाची प्रकरणे बँकेत अडकलेली असतात. पालखीसोबत चालणाऱ्या प्रत्येक गावच्या मंडळाने निघण्यापूर्वी एकदा आपापली माणसे मोजावीत. गेल्या वर्षी सोबत असलेला यंदा कोण नाही, ते पाहावे, आणि शेगावहून परतताना प्रसादाची पुडी घेऊन आधी त्याच्या घरी जावे.